डरहॅमचं बुल्स स्टेडियम: निळी भिंत, धूर सोडणारा बैल आणि खरोखर माणसं किती येतात

पारिजातक_कॅरी

मंडळी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली-डरहॅम-कॅरी पट्ट्यातले बरेच जण इथे आहेत म्हणून धागा काढतेय. आम्हाला इथे येऊन नऊ वर्षं झाली, १४७ नंबरच्या हायवेवरून डरहॅमला जाताना ते बेसबॉलचं स्टेडियम दर वेळी दिसायचं आणि आपल्याला त्यातलं काय कळतंय म्हणून आम्ही सरळ पुढे जायचो. मागच्या महिन्यात आई-बाबा सांगलीहून आले, बाबांनी तालुक्याच्या मैदानावर चाळीस वर्षं क्रिकेटची अंपायरिंग केलीय, घरात बसून कंटाळले होते आणि शेजारणीने तिच्याकडची चार तिकिटं दिली, म्हणून गेलो. तेव्हापासून चारदा जाऊन आलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, याचं पूर्ण नाव डरहॅम बुल्स ॲथलेटिक पार्क, इथले लोक नुसतं डी-बॅप म्हणतात. १९९५ साली सुरू झालं, आता बसायला दहा हजार जागा आहेत. लेफ्ट फील्डला, म्हणजे बॅटरच्या डाव्या हाताला मैदानाच्या टोकाला, ३२ फूट उंच निळी भिंत आहे, तिला ब्लू मॉन्स्टर म्हणतात, बॉस्टनच्या फेनवे पार्कमधल्या हिरव्या भिंतीवरून घेतलेली कल्पना. त्या भिंतीतच हाताने आकडे बदलायचा जुन्या पद्धतीचा स्कोअरबोर्ड आहे. आणि भिंतीच्या वर मोठ्ठा बैल. आपल्या टीमने होमरन, म्हणजे क्रिकेटच्या सिक्ससारखा बॉल मैदानाबाहेर, मारला की त्याचे डोळे लाल होतात, शेपूट हलते आणि नाकातून धूर येतो!! माझी सहा वर्षांची लेक फक्त त्या बैलासाठी नऊच्या नऊ इनिंग जागी राहते.

बाबांना पहिल्या दिवशी भिंतीचं गणित कळेना. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, भिंत ३०५ फुटांवर, म्हणजे ९३ मीटर, आणि समोर सरळ ४०० फूट म्हणजे १२२ मीटर, मग एक बाजू एवढी आखूड का? नंतर त्यांनीच उलगडलं, आखूड आहे म्हणूनच उंच आहे. दुसरीकडे आरामात कॅच झाला असता असा उंच उडालेला बॉल इथे भिंतीला लागून खाली येतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात, आणि सणसणीत सपाट मारलेला, जो दुसऱ्या मैदानावर होमरन झाला असता, तो भिंतीवर आदळून परत येतो आणि एकाच बेसवर समाधान मानावं लागतं. हे कळल्यापासून बाबा बॉल उडाला की फील्डरकडे बघतच नाहीत, आधी भिंतीकडे बघतात.

आता दोन प्रश्न. एक, शेवटी शेवटी आजची उपस्थिती म्हणून सात हजार काहीतरी आकडा सांगितला पण माझ्या नजरेने निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, हे कसं? दुसरा, सीझनचा पास घेणं परवडतं का? आणि कोणाला या जागेबद्दल काही माहीत असेल तर प्लीज लिहा, मला खरंच सगळं ऐकायचंय.

गवती_चहा

मस्त धागा गं पारिजातक. मी डरहॅममधेच राहतो, २००३ पासून मॅच बघतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

उपस्थितीचं असं आहे की इथे जो आकडा जाहीर करतात तो गेलेल्या तिकिटांचा असतो, गेटमधून आत आलेल्या माणसांचा नाही. पासवाल्यांचं तिकीट आधीच विकलेलं असतं, ते आले काय न आले काय, मोजले जातात. कंपन्या शंभर-शंभर तिकिटं घेतात त्यातली तीस माणसं घरी राहतात, तीही मोजली जातात. त्यामुळे तुझी नजर चुकलेली नाही. शिवाय बरेच लोक खुर्चीत नसतातच, स्टँडच्या मागच्या रस्त्यावर उभे असतात, खात असतात, पोरांच्या मागे पळत असतात. तिथून मैदान दिसत राहतं, म्हणून खुर्ची सोडली तरी मॅच सुटत नाही, हे या स्टेडियमचं फार मोठं सुख आहे.

पण म्हणून आकडा खोटा समजू नकोस. सीझनला पाच लाखांच्या आसपास तिकिटं जातात. घरच्या मॅच ७५ असतात, भागाकार करून बघ, दिवसाला साडेसहा-सात हजार आले. तीन लाखांच्या आसपासचं गाव आहे हे, आणि दुय्यम लीगची टीम. एप्रिलातला गार मंगळवार असेल तर खुर्च्या खायला उठतात, शाळा असते, नऊला सगळे निघतात. तेच जूनमधला शुक्रवार, मॅचनंतर फटाके, मग पार्किंगला जागा मिळत नाही. सोमवारी मॅच नसते, मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सलग सहा, ही पद्धत २०२१ पासूनची. पाहुण्या टीमचा प्रवास वाचतो म्हणून काढली, आणि प्रेक्षकांचाही फायदा असा की समोरचा पीचर (बॉल टाकणारा) मंगळवारी आवडला तर रविवारी पुन्हा बघायला मिळू शकतो.

पासबद्दल माझं मत, पूर्ण ७५ चा घेऊ नका, लहान मूल असताना तेवढं होत नाही. थोड्या मॅचचा घ्या.

पंचगंगाकाठ

बैलाच्या नाकातून धूर!! लई भारी. आमच्याकडं बेंदराला बैल एवढा सजवतात पण धूर कुणी काढला नाही अजून. पण मला सांगा बेसबॉलच्या टीमचं नाव बैलावरून कसं काय पडलं, तिथं शेती होती का?

गवती_चहा

शेतीच, पण तंबाखूची. डरहॅममधे बुल डरहॅम नावाची तंबाखू तयार व्हायची, पुडीवर बैलाचं चित्र, एकोणिसाव्या शतकात ती जगभर जायची. त्यावरून गावाचंच नाव बुल सिटी पडलं. टीम १९०२ मधे निघाली तेव्हा तिचं नाव टोबॅकोनिस्ट्स होतं, म्हणजे तंबाखूवाले, १९१३ ला बुल्स झालं.

जुनी_विहीर

बैलाच्या पाटीबद्दल मी लिहिते, कारण मी १९९१ पासून इथे आहे आणि जुनं मैदानही बघितलंय.

जुनं मैदान इथून मैलभरावर आहे, अजून उभं आहे. १९२६ चं, तेव्हा नाव एल तोरो पार्क. १९३९ मधे लाकडी स्टँड जळून खाक झाला मग काँक्रीटचा बांधला. जो मॉर्गन नावाचा खेळाडू १९६३ मधे तिथे बुल्सकडून खेळला, पुढे सिनसिनाटी रेड्समधला एवढा मोठा खेळाडू झाला, त्याचा १८ नंबर बुल्स आता कोणाला देत नाहीत. मधे सत्तरच्या दशकात बरीच वर्षं गावाला टीमच नव्हती. मग माइल्स वुल्फ नावाच्या माणसाने २,४१७ डॉलरला टीमचे हक्क घेतले आणि १९८० मधे पुन्हा मॅच सुरू झाल्या. आजच्या काळात तेवढ्यात चार जणांचं भारताचं तिकीट येत नाही.

१९८७ साली त्या मैदानावर एका हॉलिवूड सिनेमाचं शूटिंग झालं आणि बैलाची पाटी त्या शूटिंगसाठी केलेली, खोटी. सिनेमा पुढच्या वर्षी आला आणि इतका चालला की लोक लांबून लांबून मैदान बघायला यायला लागले. मग पाटी ठेवूनच दिली. आज जी आहे ती नवी, तिच्यावर लिहिलंय, बैलाला बॉल लागला तर त्या खेळाडूला स्टेक, आणि खालच्या गवताला लागला तर सॅलड. आमच्या घरी मी आणि सासूबाई शाकाहारी, त्यामुळे आम्ही दोघी कायम गवतासाठी टाळ्या वाजवायचो.

तर गर्दी मावेना म्हणून नवीन स्टेडियमचा विषय निघाला. १९९० मधे काउंटीने त्यासाठी कर्ज काढायचं का असं मतदान घेतलं आणि लोकांनी नको म्हटलं. याच सुमारास टीम कॅपिटल ब्रॉडकास्टिंगच्या जिम गुडमन यांनी विकत घेतली आणि ते स्टेडियम डरहॅमच्या बाहेर, विमानतळाच्या बाजूला बांधायचा विचार करत होते. मला आठवतंय तेव्हा ऑफिसात दोन तट पडले होते. मोकळी जागा, पार्किंग, हायवे, सगळं सोयीचं असं अर्ध्यांचं म्हणणं, आणि बाकीचे म्हणायचे की बुल्स डरहॅममधून गेले तर डरहॅममधे राहिलं काय. कारण डाउनटाउन तेव्हा अक्षरशः ओस होतं. अमेरिकन टोबॅकोचा कारखाना १९८७ ला बंद पडलेला, काचा फुटलेल्या, संध्याकाळी सहानंतर मी एकटी तिकडून कधी गेले नाही. शेवटी सिटीने पैसा उभा केला आणि त्या बंद कारखान्याच्या बरोब्बर समोर स्टेडियम बांधलं. बाल्टिमोरचं कॅमडन यार्ड्स हे बेसबॉल स्टेडियम ज्या आर्किटेक्ट कंपनीने केलं त्यांनीच हेही केलं, म्हणून लाल विटा. त्या कारखान्याच्याही विटा लाल, आता दोन्ही एकाच वेळी बांधल्यासारखे वाटतात.

कारखान्याचं नंतर २००४ मधे ऑफिसं-हॉटेलांचं आवार झालं, त्याच कॅपिटल कंपनीने केलं. बाजूला नाटकाचं मोठं थिएटर २००८ मधे. पण हे सगळं नंतर, आधी नऊ वर्षं तिथे नुसतं स्टेडियम होतं आणि लोक मॅचला यायचे. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण हल्ली सगळे म्हणतात की डाउनटाउन सुधारलं म्हणून स्टेडियम भरतं, मी बघितलंय ते उलटं आहे.

लालबागचा_नातू

जुनी_विहीर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझे आजोबा गिरणीत होते, संपानंतर गिरणी बंद झाली ती झालीच, पुढे तिथे टॉवर आले. चिमण्या एक-दोन ठेवल्यात शोभेला. गेल्या वर्षी मी डरहॅमला कामानिमित्त होतो तेव्हा तो लकी स्ट्राइक लिहिलेला पाण्याचा टॉवर आणि चिमणी बघून एकदम गलबललो होतो. फरक एवढाच की तिथे गेटच्या आत कोणीही जाऊन हिरवळीवर बसू शकतं आणि समोरच्या मैदानाचं तिकीट सामान्य माणसाला परवडतं. आमच्याकडे गिरणीच्या जमिनीवर खेळायला काय उरलं ते सगळ्यांना माहीत आहे.

रणजीप्रेमी

सगळं छान, पण एक प्रामाणिक शंका, ही शेवटी दुसऱ्या दर्जाची लीग ना? आपल्याकडे रणजीला बहुतेक वेळा फुकट प्रवेश असतो आणि तरी वानखेडेला मोजून दोनशे टाळकी दिसतात, तीही निवृत्त माणसं. मी स्वतः त्यातला एक आहे, डबा घेऊन जायचो. मग इथे तिकीट काढून सात हजार लोक रोज येतात ते काय बघायला? जिंकण्या-हरण्याला काही किंमत असते का?

गवती_चहा

चांगला प्रश्न आहे, आणि मला वाटतं याचं उत्तर अर्धं खेळात आहे अर्धं मैदानात.

खेळाचं आधी. बुल्स ही टँपा बे रेज या मोठ्या टीमची ट्रिपल-ए, म्हणजे मोठ्या लीगच्या लगेच खालच्या पायरीवरची टीम, १९९८ पासून, त्याच वर्षी आपलं मैदान दहा हजारांचं झालं. खेळाडूंचा पगार रेज देतात, कोण वर जाणार कोण खाली येणार हेही तेच ठरवतात, बुल्सच्या हातात काही नाही. त्यामुळे आज ज्याला डोक्यावर घेतलं तो उद्या सकाळी गेलेला असतो. एव्हन लाँगोरिया, डेव्हिड प्राइस, ब्लेक स्नेल, सगळे इथून गेले. आणि उलटंही होतं, मोठा खेळाडू दुखापतीतून बरा होताना चार दिवस इथे येऊन खेळतो. पैशाचं म्हणाल तर ट्रिपल-ए च्या खेळाडूला २०२३ च्या करारानुसार त्या वर्षी किमान ३५,८०० डॉलर होते, आणि हा करार व्हायच्या आधी तर फारच हाल होते. त्यामुळे समोर खेळणारा माणूस प्रत्येक बॉल जिवावर उदार होऊन खेळतो, कारण एक पायरी वर गेला की आयुष्य बदलतं.

जिंकण्याला किंमत आहे, २०२१ आणि २०२२ ला बुल्स लागोपाठ ट्रिपल-ए चे चॅम्पियन होते आणि गावात आनंद होताच. पण खरं सांगू का, हरल्यावर कोणी चिडून घरी जात नाही.

मैदानाचं म्हणजे, मोठ्या लीगच्या स्टेडियममधे माझ्या ऐपतीच्या सीटवरून पीचर मुंगीएवढा दिसतो. इथे सगळ्यात मागच्या रांगेतूनही बॉल कॅचरच्या (आपला विकेटकीपर समजा) ग्लव्हमधे बसल्याचा आवाज येतो. त्या आवाजावरूनच मला कळतं की आजचा पीचर वेगवान आहे. रणजीमधे तुम्ही जे ऐकत असाल ना, बॅटच्या मधोमध बसलेल्या बॉलचा आवाज, तसंच अगदी. फक्त इथे बाजूला पोरंटोरं आणि पॉपकॉर्न असतात.

रणजीप्रेमी

आवाजाचं पटलं. शंभर टक्के.

डॅलसची_वहिनी

इथे थोडं अवांतर पण संबंध आहे. आमच्याकडे ग्रँड प्रेरीला असंच दुय्यम बेसबॉलचं स्टेडियम होतं, २००८ मधे बांधलेलं, एअरहॉग्स नावाची टीम तिथे खेळायची. ती बंद झाली, मैदान रिकामं पडलं, आणि मग तिथे मेजर लीग क्रिकेटसाठी क्रिकेटचं स्टेडियम केलं, २०२३ ला सुरू झालं. ६ जून २०२४ ला तिथेच अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमधे हरवलं आणि ती ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने! मी होते हो तिथे, घसा बसला होता दोन दिवस. त्या दिवशी आमच्या मागे एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ बसले होते, ते म्हणाले मी इथे एअरहॉग्सच्या मॅचला यायचो, मला क्रिकेट कळत नाही पण मैदानात पुन्हा दिवे लागलेत म्हणून आलोय. पारिजातकच्या बाबांना हे नक्की सांगा.

पारिजातक_कॅरी

वहिनी, आत्ताच वाचून दाखवलं, बाबा म्हणाले ती सुपर ओव्हर त्यांनी सकाळी उठून हायलाइटमधे तीनदा बघितली होती.

वेक_पूर्व

दिवे लागण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचं सांगतो, आम्ही झेब्युलनच्या बाजूला राहतो. आमच्याकडे फाइव्ह काउंटी स्टेडियम, १९९१ चं, शेतांच्या मधे एकटं उभं. मडकॅट्स टीम, मडकॅट म्हणजे कॅटफिश मासा. माझी दोन्ही मुलं तिथे वाढली, मोठ्याचा आठवा वाढदिवस तिथेच केला होता. २०२५ चा सीझन तिथला शेवटचा ठरला, टीम विल्सनला गेली, नवीन डाउनटाउन स्टेडियममधे, नावही बदललं, आता वॉरबर्ड्स.

कारण असं की २०२१ मधे मेजर लीगने, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगने, दुय्यम लीगची सगळी सूत्रं हातात घेतली, १६० टीमच्या १२० केल्या आणि प्रत्येक स्टेडियमने काय काय सोयी द्यायच्या याचे कडक नियम केले. लॉकररूम, बॅटिंगच्या सरावाची जागा, लाइट, महिला स्टाफसाठी वेगळी जागा. नियम चुकीचे नाहीत, खेळाडूंना आणि स्टाफला नीट जागा मिळायलाच हवी. पण जुन्या स्टेडियमला तो खर्च पेलत नाही आणि दुसरं गाव नवीन बांधून द्यायला तयार असतं. जुनी_विहीर यांनी लिहिलं ना की बुल्स बाहेर मोकळ्या जागेत जाणार होते, आमचं स्टेडियम म्हणजे तीच मोकळी जागा समजा. पार्किंग भरपूर, हायवेला लागून, आणि आजूबाजूला चालत जाण्यासारखं काहीच नाही. मॅच संपली की सगळे गाडीत बसून आपापल्या घरी. चौतीस वर्षांत स्टेडियमभोवती एक चहाची टपरीसुद्धा आली नाही म्हणायला हरकत नाही. संध्याकाळी तिकडून जाताना अंधार असतो, अजून सवय झालेली नाही.

जुनी_विहीर

वेक_पूर्व, वाचून वाईट वाटलं. मुलांना घेऊन डरहॅमला या, मी सांगते कुठे बसायचं ते.

पारिजातक_कॅरी

खरंच या. आणि तुमच्या पोस्टमुळे मला एक गोष्ट कळली जी मला नीट मांडता येत नव्हती. आम्ही चार वेळा गेलो त्यातल्या दोनदा आम्ही मॅचच्या दीड तास आधी पोचून त्या कारखान्याच्या आवारात बसलो, आईने घरून थालीपीठं आणली होती ती खाल्ली, लेक त्या पाण्याच्या कालव्याच्या कडेने पळत होती, मग रस्ता ओलांडला की गेट. आईला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण संध्याकाळ गेली याचा तिला आनंद. मला वाटतं त्या सात हजारांतले निम्मे तरी माझ्या आईसारखे असतील. आणि त्यांनाही मोजावंच, का नाही मोजायचं?

चिंचेचं_बुटुक

प्रॅक्टिकल माहिती हवी आहे हो कोणीतरी द्या. दोन मुलं ४ आणि ७, सासरे ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. शाकाहारी काय मिळतं? पायऱ्या किती? पाऊस आला तर?

गवती_चहा

सासऱ्यांसाठी, गेटमधून आत गेलं की तुम्ही स्टँडच्या वरच्या कडेला असता आणि सीट तिथून खाली उतरत जातात. म्हणून खालची रांग घेऊ नका, हौसेने सगळे खालची घेतात आणि मग बाथरूमला जायला वर चढावं लागतं. वरच्या रांगा घ्या, पायऱ्या जवळपास नाहीतच आणि डोक्यावर छप्परही येतं. खाली बसलात तर बॉल अंगावर येऊ शकतो हे लक्षात ठेवा, जाळी आहे पण लांबच्या सेक्शनमधे पोरांचा हात सोडून फोनमधे बघत बसू नका.

खायला प्रेट्झल, शेंगदाणे, फ्राइज, पॉपकॉर्न, आइस्क्रीम. पोट भरेल असं शाकाहारी कमीच, मी तर आधी खाऊनच जातो.

पाऊस आला तर आधी थांबतात, मैदानावर ताडपत्री घालतात, ते बघायलाही मुलांना मजा येते. पाच इनिंग झाल्या असतील तर मॅच झाली असं धरतात. सुरूच झाली नाही तर तिकीट दुसऱ्या मॅचला बदलून मिळतं, आणि त्या दोन टीमची राहिलेली मॅच दुसऱ्या दिवशी सात-सात इनिंगच्या दोन मॅच करून उरकतात.

पार्किंगला डेकमधून बाहेर पडताना मला एकदा शुक्रवारी पाऊण तास लागला, कारण नाटकही त्याच वेळी सुटलं. तेव्हा निघायच्या आधी थिएटरमधे काय आहे ते बघून घ्या.

पंचगंगाकाठ

आम्ही शार्लटला आलोय दोन वर्षांसाठी, अडीच तासांवर आहे. बैल बघायला यायचंच आता. पण होमरन झालाच नाही तर धूर निघायचा नाही का?

जुनी_विहीर

नाही झाला तर नाही. माझ्या सासूबाई पहिल्या तीन मॅच तशाच परतल्या होत्या. चौथ्या वेळी दोन होमरन लागले आणि त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या, ८१ वर्षांच्या होत्या तेव्हा.

पारिजातक_कॅरी

मग ठरवूयाच. आई-बाबा अजून तीन आठवडे आहेत. पुढच्या आठवड्यात बुल्स बाहेरगावी खेळतायत, त्याच्या पुढचा शनिवार घरचा आहे. सगळ्यांनी वरच्या तीन रांगा एकत्र घेऊ, थर्ड बेसच्या बाजूच्या, म्हणजे भिंत आणि बैल दोन्ही जवळ पडतील. साडेचारला कारखान्याच्या आवारात पाण्याच्या टॉवरखाली भेटायचं, थालीपीठं माझ्याकडे, चटणी आणि दही कोणीतरी आणा. पासचं ठरलं, पुढच्या सीझनला कमी मॅचचा घेणार, दोन सीट. नावं खाली द्या, मी आज रात्री तिकिटं काढते.

चिंचेचं_बुटुक

आमचे ५, सासऱ्यांना कडेची सीट.

वेक_पूर्व

आमचे ४. मोठा मडकॅट्सची टोपी घालून येणार म्हणतोय, चालेल ना?

गवती_चहा

चालेल म्हणजे काय, घालूनच या. मी एकटा. दही माझ्याकडे.

पंचगंगाकाठ

आमचे ३. येताना कोल्हापुरी लसणाची चटणी आणतो.